ओठावरचं कडं

"उगाच कोणी कोणाला काही देत नाही," हे राघो शिगवणाचं वाक्य भाईंदरजवळच्या मोरव्यात सगळ्यांना पाठ होतं. भाजीवालीने हसून कोथिंबिरीच्या चार काड्या जास्त टाकल्या, तर तो घरी येऊन जुडी सोडायचा आणि आत सडका पाला कुठे लपवलाय ते शोधायचा. बहुतेक वेळा काही सापडायचं नाही. मग तो म्हणायचा, "या खेपेला नाही घातला." त्याची बायको मंदा कपाळावर हात मारून घ्यायची.

माणूस तसा वाईट नव्हता. संगमेश्वराकडच्या एका वाडीतून तो मिसरूड फुटायच्या वयात भाईंदरला आला आणि पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात बफवर बसला. बफ म्हणजे गरगर फिरणारं कापडी चाक. त्याला पॉलिशचा मसाला लावून भांडं टेकवलं की भांड्यात तोंड दिसतं. दिवसभर नाकातोंडात काळी धूळ आणि लग्नसराईत संध्याकाळी ओठाला ट्रम्पेट, असं त्याचं आयुष्य गेलं.

ट्रम्पेट त्याला उत्तनच्या पास्कू मास्टरने शिकवलं. कितीतरी महिने मास्टरने त्याच्या हातात पूर्ण वाद्य दिलंच नाही. नुसता माउथपीस, म्हणजे ओठाला लावायचा तो वाटीसारखा तुकडा, तेवढाच द्यायचा आणि भुंग्यासारखा आवाज काढायला लावायचा. पुढे सूर चढवायची वेळ आली तेव्हा मास्टर म्हणाला, "वर जायचं तर दाबून धर." राघोने ते ब्रह्मवाक्य मानलं. तो असा दाबायचा की वाजवून झाल्यावर वरच्या ओठावर लालभडक गोल छाप उमटायचा, जणू कोणी तापलेली अंगठी टेकवलीय.

त्या छापाला तो कडं म्हणायचा. मंदाला बघायला गेला तेव्हा तिच्या मामाने विचारलं होतं, "ओठाला काय झालंय तुमच्या?" राघो छाती पुढे काढून म्हणाला होता, "माझं सर्टिफिकेट आहे ते." मंदा दाराआडून हसली होती. लग्न ठरायला तेवढं पुरलं.

हे कडं फार वेळ टिकायचं नाही. हातपाय धुऊन जेवायला बसेपर्यंत पुसट व्हायचं. झोपताना गावाहून आणलेलं मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांच्या तेलाचा गोळा, तो ओठावर फिरवायचा. वाजवायच्या दिवशी तिखट खायचा नाही. तंबाखूला तर त्याने जन्मात हात लावला नाही. ओठ ही आपली इस्टेट आहे एवढं त्याला कळत होतं.

मोरव्याच्या दिपेश पाटलाच्या ब्रास बॅन्डमध्ये राघो अनेक वर्षं पहिला ट्रम्पेट वाजवायचा. मोरवा, राई, मुर्धा या गावांत आगऱ्यांच्या हळदी असल्या की दिपेशच्या बॅन्डला मरायला वेळ नसायचा, आणि गाण्याची वरची ओळ राघोचीच असायची. पन्नाशी उलटली, केस पांढरे झाले, तरी ती जागा त्याने कोणाला दिली नव्हती.

दिवाळीनंतर दिपेशने मिनल कर्णिकला आणलं. तिशीच्या आतली मुलगी, एका ऑफिसात नोकरीला. आईवडील गिरगावातलं घर सोडून मीरा रोडला आलेले. शाळेच्या बॅन्डमध्ये ती ट्रम्पेट शिकली आणि शाळा सुटली तरी तिने ट्रम्पेट सोडलं नाही. दिपेशने तिला एका मित्राच्या लग्नात वाजवताना ऐकलं आणि तिथेच ठरवलं.

"तुमाला पन आराम भेटंल, राघोदादा," तो म्हणाला. "एकट्यानं किती वढायचा?"

आराम हा शब्द राघोला खड्यासारखा लागला. कारखान्यात मालकाला ज्याला काढायचं असे, त्याला तो आधी आरामच करायला सांगायचा.

पहिल्याच तालमीला राघो तिच्यावर डोळा ठेवून बसला. तिने येऊन आधी घोडा फुरफुरतो तसे ओठ फुरफुरवले. ढोलवाला विठू खो खो हसला. मग तिने बराच वेळ नुसते खालचे, लांबलचक, हलके सूर धरले. शेवटी वरची ओळ घेतली तेव्हा तिच्या मानेची शीरसुद्धा ताठली नाही. ट्रम्पेट ओठाला नुसतं टेकलं होतं. राघोला ते बरोबर वाटेना. न दाबता इतका वरचा सूर कसा निघेल? यात काहीतरी मेख आहे, असं त्याच्या मनाने घेतलं.

त्या आठवड्यात राईला साखरपुडा होता. मिनल शेजारी उभी असल्यामुळे राघोने नेहमीपेक्षा जास्तच दाबलं, नेहमीपेक्षा जास्तच लांबवलं, आणि शेवटच्या गाण्याला त्याचा ओठ मधोमध चिरला. तो रुमालाने रक्त टिपत असताना मिनल जवळ आली. तिच्या हातात बोटाएवढी एक ट्यूब होती.

"राघोकाका, हे लावा. मी पण हेच लावते. आणि रागावू नका, पण तुम्ही फार दाबता. श्वासावर वाजवा ना, ओठाला कशाला त्रास?"

दिपेश बघत होता म्हणून राघोने ट्यूब घेतली आणि मलम लावलं. चिरलेल्या ओठाला ते असं झोंबलं की डोळ्यांत पाणी आलं. मिनल म्हणाली, "राहू द्या तुमच्याकडे." राघोने ट्यूब खिशात टाकली, पण मनात विंचू शिरला. ओळख ना पाळख, ही मला औषध कशाला देते?

घरी मंदा पोळ्या लाटत होती. तिने मान वर केली ती तशीच राहिली.

"हे काय लावलंय ओठाला?"

"औषध."

"गुलाबी? आणि वास कसला हा, गुलकंदाचा?"

"बॅन्डमधल्या एका मुलीने दिलं."

लाटणं थांबलं. "बॅन्डमध्ये मुलगी कधी आली?"

आपण घरी हे सांगितलंच नव्हतं, हे राघोच्या तेव्हा लक्षात आलं. तो सांगू लागला तसं ते जास्तच लपवल्यासारखं वाटायला लागलं. मंदाने ट्यूब हातात घेतली, झाकण उघडलं, वास घेतला, आणि ती खिडकीत ठेवून दिली. त्या रात्री त्याला ताटात मीठ कमी असलेली आमटी मिळाली. जन्मभर दुसऱ्यांवर संशय घेणाऱ्या राघोला, आपल्यावर कोणी घेतला की कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं. कळलं, पण पचनी पडलं नाही.

सकाळी ओठ सुजला होता. झालं, त्याने हिशेब जुळवला. मलम लावलं आणि ओठ सुजला. म्हणजे मलमात काहीतरी होतं. आणि जी मलमात घालू शकते ती माउथपीसलाही लावू शकते. बॅन्डची सगळी वाद्यं मोरव्याच्या खोलीत एकाच कपाटात असायची, कोणीही हात घालावा.

त्याने आपल्या पेटीच्या कडीला काळा दोरा बांधला, दिसेल न दिसेल असा. पुढच्या तालमीला येऊन बघतो तर दोरा तुटलेला.

"विठू, आज आधी कोण आलं होतं?"

"मिनल. मी आलो तेव्हा कपाटापाशीच होती."

तिचं ट्रम्पेटही त्याच कपाटात असतं, हे विठूने सांगितलं नाही आणि राघोने विचारलं नाही. दिपेशने सकाळी एका गिऱ्हाइकाला वाद्यं दाखवायला सगळ्या पेट्या उघडल्या होत्या, तेही कोणाला आठवलं नाही. कोणी विचारलंच नाही ना!

त्या दिवसापासून राघो माउथपीस खिशात घालून घरी न्यायला लागला. एवढ्यावर भागेना. जे काही लावलं असेल ते मुळापासून निघालं पाहिजे, म्हणून तो रोज कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत माउथपीस बफवर धरायचा. मसाला लावून, काठ फिरवून फिरवून, आतली वाटीसुद्धा. माउथपीस उन्हासारखा लखलखायचा. ती चकाकी बघून त्याच्या जिवात जीव यायचा.

आणि ओठ मात्र दिवसेंदिवस बिघडत चालला. पूर्वी जेवणापर्यंत पुसट होणारं कडं आता सकाळपर्यंत तसंच राहायचं. नुसतं लाल नाही, तर बारीक पुटकुळ्यांचं, खाजणारं, मध्येच पाणी सुटणारं. मुठेलाचा गुण येईना. चहाचा कप ओठाला लावला तरी आग व्हायची. मंदाला दुसरीच भीती वाटू लागली. तोंडात काही वाईट तर नसेल ना? तिने त्याला ओढत डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने ओठ बघितला, एक मलम लिहून दिलं आणि म्हणाला, "घाबरण्यासारखं काही नाही. पण काही दिवस वाजवणं बंद ठेवा."

"ऐन लग्नसराईत?" बाहेर आल्यावर राघो म्हणाला. "याला कोणीतरी सांगून ठेवलंय."

"कोण सांगेल? डॉक्टरला?" मंदा रस्त्यातच थांबली. "तुमच्या ओठावर एवढे लोक टपून बसलेत?"

त्याने मलम आणलं, पण लावलं नाही.

मग मुर्ध्याची हळद आली. खाडीच्या बाजूचं घर, मागे पडीक मिठागरं आणि त्यापलीकडे अर्धवट बांधलेले टॉवर. दिवेलागणीला मांडव माणसांनी फुलला होता. नवऱ्याच्या आत्यामावश्या हळदीने पिवळ्या होऊन नाचत होत्या. दिपेशने खूण केली आणि राघोने मुर्ध्यात सगळ्यांच्या आवडीचं गाणं सुरू केलं. ते गाणं शेवटी चढत चढत एका लांब सुरावर जातं, आणि तो सूर लोक श्वास रोखून ऐकतात. राघोने सगळा जीव एकवटून दाबलं. पुटकुळ्या फुटल्या. सुराच्या जागी मांजराचं शेपूट चेंगरावं तसा आवाज निघाला आणि बायकांमध्ये खसखस पिकली.

मिनलने क्षणही न घालवता तो सूर तिथूनच उचलला आणि असा पूर्ण केला की मांडवात शिट्ट्या घुमल्या.

तिने बॅन्डची लाज राखली होती. राघोला त्यात चोरी दिसली. त्याने ट्रम्पेट खाली ठेवलं आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "काय लावलंस माझ्या माउथपीसला?"

"काय?" मिनलला आधी कळलंच नाही.

"मलम देतेस, कपाटापाशी घुटमळतेस. माझा ओठ कामातून गेला की जागा तुझी. मी काय दूधखुळा आहे?"

ढोल थांबला. नाच थांबला. दिपेश धावत आला. "राघोदादा, लोकांच्या दारात हाव आपन! काय बोलताव?"

नवऱ्याची आजी अनसूया खुर्चीत बसली होती. ती काठी आपटून म्हणाली, "माज्या नातवाची हलद हाय. भांडान करायचा त रस्त्यावर जा."

मिनलचा चेहरा पांढरा पडला होता. पण ती रडली नाही. तिने आपल्या ट्रम्पेटचा माउथपीस काढला, पाण्याने धुतला, स्वच्छ पुसला आणि राघोपुढे धरला.

"हा माझा आहे. वास घ्या, तपासा, पाहिजे तर परत धुवा. आजचं सगळं यावर वाजवा. मग तरी खात्री पटेल?"

तो माउथपीस राघोने घेऊन आपल्या माउथपीसशी ताडून बघितला असता तर सगळं तिथेच उलगडलं असतं. पण त्याने हात मागे घेतला. मिनलने माउथपीस पिशवीत टाकला. "मी पुन्हा येणार नाही, दिपेशदादा," ती म्हणाली आणि मांडवातून निघून गेली. पुढचा सगळा कार्यक्रम राघोने फाटक्या ओठाने कसाबसा ओढला. कोणी त्याच्याशी बोललं नाही. टेम्पोतसुद्धा विठू मुद्दाम मागे ढोलापाशी जाऊन बसला.

आता मिनल गेली म्हणजे ओठ बरा व्हायला हवा होता. झाला नाही. उलट कडं दुहेरी झालं. रोज बफवर घासलेला माउथपीस, रोज खिशात, कोणाचा हात लागायचा प्रश्नच नाही, तरी आग तशीच. मग राघोचं मन नवी माणसं शोधू लागलं. दिपेशने तर नाही? आराम भेटंल म्हणाला होता. की विठू? हल्ली फार गोड बोलतो.

त्याने आडून आडून विचारलं तेव्हा विठू भडकलाच. "आता मी? उद्या म्हणशील मी ढोलात साप पाळलाय! राघो, दोराबिरा बांधत बसायचास, मला माहीत नाही वाटतं? तू विचारलंस, मी सांगितलं ती होती म्हणून. दिपेशने पेट्या उघडलेल्या हे नंतर कळलं मला. तुला सांगायला आलो तर तू ऐकून घेतलंस का?"

राघो घरी आला. त्याला पहिल्यांदाच वाटलं की संशय घ्यायलाही आता माणूस उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मंदा दारात उजेडाला बसून तिचं नेहमीचं काम करत होती, खोट्या दागिन्यांचे मणी ओवायचं. भाईंदरला असे दागिने बनवणारे पुष्कळ. ते घरोघर काम देतात. राघो तिच्यासमोर पाटावर बसून ओठाला फुंकर घालत होता. मंदाचा राग अजून पुरता गेला नव्हता, पण त्याची ती अवस्था बघवेना. तिने त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"हलू नका." ती बराच वेळ बघत राहिली. "अहो, हे मला ओळखीचं वाटतंय."

"म्हणजे?"

"मी खोटं कानातलं घातलं की माझ्या कानाला होतं ना, अगदी तस्संच. जिथे धातू टेकतो तिथेच. बाहेर एक पुटकुळी नाही, आत एक नाही. नुसतं गोल." तिने हात पुढे केला. "आणा तो माउथपीस."

दागिना परत आला की बघतात तसा तिने तो उन्हात फिरवून फिरवून बघितला. "हा पिवळा कधीपासून झाला? मला पहिल्यांदा दाखवलात तेव्हा चांदीसारखा पांढरा होता."

"घासतो मी. चमकतोय."

"चमकतोय कसला! मुलामा गेलाय याचा. खालची पितळ उघडी पडलीय."

राघोचा सगळा जन्म स्टीलवर गेला होता. स्टील आतबाहेर एकच. कितीही घासा, ते जास्तच उजळतं. घासून काही निघून जातं, ही गोष्ट त्याच्या हातांना ठाऊकच नव्हती.

दोघं पूर्वेला गुणवंतभाईच्या गाळ्यात गेली. गुणवंतभाई दागिन्यांवर मुलामा चढवायचा, मंदाचं काम त्याच्याकडूनच यायचं. त्याने माउथपीस भिंगाखाली धरला.

"भाभी, इसको किसने बफ मारा? एक-दो बार नहीं, रोज मारा है. चांदी पूरी उड गयी. ये लाइन देखो, मसाले की है."

मंदाने नवऱ्याकडे मान वळवली. गुणवंतभाईने राघोकडे बघितलं.

"मैंने," राघो म्हणाला.

"क्यों?"

गाळ्याच्या दारात उभं राहून राघोने मनाशी सगळं मागे मागे नेऊन बघितलं. पहिली चीर त्याच्या दाबण्याने पडली होती. चिरलेल्या ओठाला कुठलंही मलम झोंबलंच असतं. आणि नंतरचं जे सगळं, ते त्याने स्वतः रोज जेवणाच्या सुट्टीत, चाकावर धरून, मेहनतीने केलं होतं. त्या पोरीने फक्त ओठाला लावायला काहीतरी दिलं होतं आणि दाबू नका म्हटलं होतं.

गुणवंतभाईने चांदीचा जाड थर चढवून दिला आणि बजावलं, की साबणाच्या कोमट पाण्याशिवाय याला काही दाखवायचं नाही. तोवर राघोने दिपेशला फोनवर कारण सांगून वाजवणं बंद ठेवलं आणि डॉक्टरचं मलमही लावायला घेतलं. पुटकुळ्या वाळल्या, खपली धरली. एका रविवारी सकाळी मंदा साडी बदलून तयार झाली.

"चला मीरा रोडला."

"फोन करतो ना."

"भांडलात ते फोनवर?"

दार मिनलच्या आईने उघडलं. राघोचं नाव ऐकून तिने बाजूला व्हायला जरा वेळच लावला. मिनल आतून आली आणि समोर बसली. राघोने येताना वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरली. तो म्हणाला, "चूक माझी होती. मीच माउथपीस घासून घासून खराब केला. तुझ्यावर उगाच आळ घेतला."

"कळलं मला. दिपेशदादांचा फोन आला होता," मिनल म्हणाली. आवाज कोरडा होता. "काका, एक विचारू? तुम्ही ते कडं लोकांना दाखवत फिरता. माझ्या ओठावर उठतं ते मी काय करते माहितीये?"

राघोने नकारार्थी मान हलवली.

"माझी कातडी नाजूक, रविवारभर वाजवलं की सोमवारीही जात नाही. क्रीम थापून ऑफिसला जाते. तरी बायका एकमेकींना कोपर मारतात. गेल्या वर्षी मला बघायला आले होते. मुलाच्या आईने माझ्या आईला बाजूला घेऊन विचारलं, हा डाग कायमचा आहे का, अंगावर आणखी कुठे आहेत का. मी ट्रम्पेट आणून वाजवून दाखवलं, कशाने होतं ते. त्यांचा पुन्हा फोन आला नाही. मुर्ध्यात तुम्ही बोललात आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले ना, ते अगदी तसंच होतं."

मंदाने नकळत पदर तोंडाला लावला. आपणही त्या गुलाबी मलमावरून हिच्याबद्दल काय काय मनात आणलं होतं, ते तिला आठवलं असावं. राघो म्हणाला, "काय करू ते सांग."

"सगळ्यांसमोर बोललात. तर सगळ्यांसमोर सांगा. आणि मी आले तर एकाआड एक गाणं पहिला ट्रम्पेट माझा."

राघोची मान झटकन वर झाली. शेवटी जागेवरच आली की ही! मंदाने त्याच्या कोपराला असा चिमटा काढला की तो कळवळला.

"जागा नकोय मला," मिनल म्हणाली. तिने तो चेहरा ओळखला होता. "ओठांना मध्ये विसावा मिळाला तरच ते टिकतात. तुमचेही आणि माझेही."

पुढच्या तालमीला राघोने मोरव्याच्या खोलीत सगळ्यांसमोर, विठूसमोर, दिपेशसमोर, झालं ते जसंच्या तसं सांगितलं. बफसकट सांगितलं. विठू हसायला लागला आणि मग राघोचा चेहरा बघून थांबला. दिपेश स्वतः मुर्ध्याला जाऊन अनसूयाआजीच्या कानावर घालून आला. आजी म्हणाली म्हणे, "पोरीला आन माज्याकडं. जेवून जाऊ दे."

मिनल आली. आल्यावर तिने राघोला पहिली गोष्ट शिकवली ती अशी, की ट्रम्पेट मुठीत न धरता उघड्या तळव्यावर ठेवायचं आणि तसंच वाजवायचं. दाबायला पकडच मिळत नाही. राघोला आधी वाटलं, पडून फुटावं म्हणूनच सांगते आहे. मग त्याने खाली गादी टाकून करून बघितलं. आवाज चिरका, दमेकऱ्यासारखा निघाला. एवढ्या वर्षांची सवय, ती काय एका संध्याकाळी जाते? मंदा मणी ओवता ओवता ऐकायची आणि म्हणायची, "आज कालच्यापेक्षा बरं आहे." ती खरं बोलते आहे की समजूत घालते आहे, हे तो तिच्या तोंडाकडे निरखून ठरवायचा.

वैशाखात चेण्याला लग्न होतं. घोडबंदर रस्त्याच्या आत, डोंगराच्या पायथ्याला. ऊन उतरलं आणि वरात निघाली. एक गाणं मिनलचं, एक राघोचं. तिच्या गाण्याला तो खालचे सूर धरायचा, ओठ सैल सोडायचा, घोड्यासारखे फुरफुरवायचा. आता विठू हसत नव्हता. सुमारे निम्मी वरात झाल्यावर मुर्ध्याचं तेच गाणं वाजवायची फर्माईश आली, आणि पाळी राघोची होती.

गाणं चढत गेलं. शेवटच्या सुराच्या अलीकडे त्याला कळलं की हलक्या ओठाने आज तो सूर येणार नाही. दाबलं तर येईल. हात आपोआप आवळला गेला. मग त्याने तो सैल केला, मान वळवली आणि मिनलकडे बघून भुवई उडवली. तिने सूर वरच्यावर झेलला. राघो खालून तिला साथ देत राहिला. वरातीतल्या कोणाला काही कळलं नाही. त्यांना एवढंच कळलं की दोन ट्रम्पेट एकदम भरून आली, आणि नाचणारे आणखी उड्या मारायला लागले.

पंगतीला दोघं शेजारी बसली. मिनलने पर्समधला आरसा काढून ओठ बघितला आणि न विचारता तो राघोपुढे धरला. त्याच्या ओठावर कडं होतं, पण फिकट, जेवण होईतो जाईल असं.

"काका, पुढच्या रविवारी राईला तेच गाणं सांगितलंय," ती म्हणाली. "वरचा सूर तुम्ही घेता की मी?"

राघोने वरणभात कालवला. "सकाळी ओठ बघून सांगतो," तो म्हणाला.